बोटाएवढं दुखणं

नरसिंगचा पाय वीस वर्षं धावला आणि एकदाही दुखला नाही, हे निलंग्याच्या पंचक्रोशीत कुणालाही विचारा. निझामाच्या अमदानीत तो टपालाचा हरकारा म्हणून लागला. खांद्यावर थैली, हातात घुंगराची काठी आणि रोजची सहा कोसांची धाव. पुढं एसटी आली, थैली एसटीत बसून जाऊ लागली आणि नरसिंग घरी बसला. नोकरी कायमची नव्हती, त्यामुळं खाकी कपडा काही अंगाला लागला नाही. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. पण दर दिवाळीला तो ती काठी आढ्यातून काढायचा, तेल लावायचा आणि परत खोचून ठेवायचा. बायकोला, सरजाबाईला, त्यावरूनच काय ते कळायचं.

मग लातूर जिल्हा झाला. जिल्हा नवा, पण पावसाची खोड जुनीच. लागोपाठ दोन सालं आभाळ कोरडं गेलं. विहिरीनं तळ दाखवला, बैल बाजारात गेले आणि बावीस वर्षांचा मारोती, नरसिंगचा एकुलता एक, रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडू लागला. अशात बातमी आली, नव्या जिल्ह्याला पोलीस हवेत. भरतीला सोळाशे मीटर धावायचं होतं. नरसिंगनं त्याच संध्याकाळी आढ्यातली काठी काढली.

गावचं तळं आटलेलं. त्याच्या तळाशीच सराव सुरू झाला. मारोती उंच, तरणाबांड. धावला की टाच धाडधाड आपटायचा, मग रात्री पायाच्या नळ्या दुखायच्या. जमिनीशी भांडण आहे का तुझं, असं नरसिंग विचारायचा. पाऊल पुढं फेकायचं नाही, अंगाखाली टाकायचं. ढांग आखूड, पण झरझर. आपल्या पायाचा आवाज आपल्याला ऐकू येता कामा नये. काठी मारोतीच्या हातात दिलेली. घुंगरं भराभर आणि एकसारखी वाजली तर पाऊल बरोबर, थांबून थांबून वाजली तर ढांग लांबली. काठावरची पोरं ‘टपाल आलं, टपाल आलं’ म्हणून हसायची. हसू देत. दोन महिन्यांत मारोतीच्या नळ्या दुखायच्या थांबल्या.

त्याच दिवसांत बापानं पोराला हरकाऱ्यांची एक जुनी परीक्षा शिकवली. “तळहाताएवढं दुखलं तर चालतंय, ते थकव्याचं. एका बोटाखाली दुखलं तर थांबायचं. ते हाडाचं हाय.”

भरती महिन्यावर आली तेव्हा शाळेच्या मास्तरांनी घड्याळ लावून बघितलं. भरतीच्या ठरलेल्या वेळेपेक्षा दहा सेकंद जास्त भरले. नरसिंगनं जन्मात कधी सेकंद मोजला नव्हता. थैली पोचली की काम झालं. पण आता त्या दहा सेकंदांपलीकडं त्याला खाकी दिसू लागली. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. ज्यानं आयुष्यभर आखूड पाऊल टाकलं, तोच माणूस पोराला म्हणाला, ढांग लांब टाक. काठी परत आढ्यात गेली.

सेकंद कमी झाले, हे खरंच. दहाचे चार झाले, चाराचे दोन, शेवटी वेळ बरोबर जुळली. पण विटेसारख्या भाजलेल्या तळ्यात टाच पुन्हा वाजू लागली. नरसिंग काठावर बसून ती ऐकायचा आणि दुसरीकडं बघायचा. लाज वाटायची त्याला, पण ‘थांब’ काही तोंडातून निघायचं नाही.

भरतीला चार दिवस उरले होते. दुपारी मारोती खडीवरून लंगडत आला आणि बापासमोर बसून त्यानं डावा पाय पसरला.

“आबा, जरा बघा की.”

नरसिंगनं नळीवरून अंगठा वर सरकवत नेला. घोट्याच्या वर चार बोटांवर पोराचा श्वास अडकला. त्यानं आजूबाजूला दाबलं, तिथं काही नाही. परत तिथंच दाबलं. नेमकं एका बोटाखाली.

सरजाबाई रिकामी घागर घेऊन दारात उभी होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं. नरसिंगनं बोट उचललं आणि सगळा तळहात पोराच्या नळीवर पसरला.

“तळहाताएवढं हाय,” तो म्हणाला. “थकवा हाय. तेल लाव, चार दिस आराम कर.”

मारोतीनं बापाच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग मान हलवून पाय आवरून घेतला.

लातूरच्या मैदानावर तीन फेऱ्या तो पुढच्या दहांत होता. चौथ्या फेरीच्या वळणावर वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. नरसिंग दोरीशीच उभा होता. आवाज कशाचा, हे त्याला मारोती पडायच्या आधीच समजलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हाड आधीच तडकलेलं होतं. दोन महिने पाय टेकवला नसता तर आपोआप जुळलं असतं, पुढच्या साली पोरगा खुशाल धावला असता. आता चालता येईल. धावायचं मात्र विसरा.

तीन दिवस नरसिंग खाटेजवळ बसून राहिला, पण मारोतीच्या तोंडाकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी सरजाबाई पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा त्यानं खाली बघतच सांगून टाकलं.

“मारोती, त्या दिशी ते बोटाएवढंच होतं.”

“ठाव हाय.”

“कसं?”

“खडीवर बसूनच मी सोता बोट ठेवून बघितलं होतं.”

नरसिंगनं मान वर केली. “मग धावलास कशाला, लेका?”

मारोती छताकडं बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि बापाला तेच सोसवेना.

“तुमचं खाकीचं येड मला लहानपणापासून ठाव हाय. मी कुठल्या तोंडानं थांबतो म्हणू? तुमी थांब म्हणाल, म्हणून तर पाय घेऊन आलतो, आबा.”

नरसिंगनं प्लास्टरवर हात ठेवायला म्हणून पुढं केला, आणि तसाच मागं घेतला.