मोती रायसिंग, हजर

निंबखेड्याच्या शाळेत रोज सकाळी दोन हजेऱ्या होत. एक आत, एक खिडकीतून. याकूब मास्तर आधी आतल्या सोळा पोरांची नावं घेई, मग मान वळवून बाहेर निंबाखाली बसलेल्या अकरांची. ही अकरा महारवाड्यातली आणि भिलाटीतली. सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसवावं, असं सरकारचं एक परिपत्रक शाळेला आलं होतं. गावाने त्याचा मान राखला. चौकटीत घालून बाहेरच्या भिंतीवर टांगलं. बाहेरची पोरं त्यावरच वाचायला शिकली.

मास्तर स्वतः नवापूरच्या डोंगरातला ख्रिस्ती. मग तो आत कसा, हा प्रश्न गावाने एकदा चर्चेला घेतला होता. खुर्ची सरकारी आहे, सबब ती बाटत नाही, असं ठरलं. पाणी मात्र त्याला वरून ओतून मिळे आणि शिधा हातभर उंचीवरून झोळीत पडे.

त्या शिध्यावरच चाललं होतं. मंदीचं कारण सांगून शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाने सात महिने पगार दिला नव्हता. पत्रं तेवढी वेळेवर येत. सन १९३२च्या मार्गशीर्षात आलेलं पत्र असं होतं: डिपोटी साहेब तपासणीला येतील. वर्गात पंचवीस मुलं भरली तर शाळा राहील आणि थकलेला पगार पंधरा दिवसांत मिळेल. कमी भरली तर शाळा बंद. बंद शाळेच्या मास्तराचा पगार विचाराधीन.

मास्तराच्या बायकोला, सोनीबाईला, सातवा महिना होता. "पगार थकला तेव्हाच मला दिवस गेले," पत्र ऐकून ती म्हणाली. "आता दोघांत आधी कोण येतं बघू." मग तिने पिठाचा डबा उपडा करून ठोकला. डब्यातून आवाज तेवढा चांगला आला.

मास्तर पाटलाकडे गेला. रूपचंद पाटील ओट्यावर दात कोरत होते.

"फिकीर कशाले करतस, मास्तर? सारंगखेडानी यात्राले पाव्हणा येल शेतस. नऊ काय, नव्वद बसाडी दिसू."

"पाटील, पोरं आहेतच की. अकरा. रोज येतात. एक दिवस आत घेतली तर सत्तावीस होतील."

"त्या बाहेरना."

"पण हजेरीपटावर नावं त्यांचीच आहेत."

पाटलांनी काडी फेकली. "नावे ऱ्हाऊ द्या त्यासना. नावले कोठे विटाळ ऱ्हास?"

मास्तराला पिठाचा डबा आठवला आणि त्याने मान हलवली. ती मान आपणच हलवली, हे तो पुढे कधी विसरला नाही.

तपासणीच्या सकाळी वर्ग कधी नव्हे इतका भरला. यात्रेला आलेल्या पाहुण्यांची चार पोरं, अंगठा चोखणारी दोन, नदीपलीकडून आणलेली दोन आणि नववा पाटलांचा जावई नथ्थू. तो बावीस वर्षांचा. मिशीला तेल लावून तो दुसऱ्या इयत्तेत मांडी घालून बसला होता. पाटलांनी सगळ्यांना बाहेरच्या पोरांचं एकेक नाव वाटून दिलं. वाटताना ते पोराचं की पोरीचं, हे पाहायचं राहून गेलं.

"मामा, मी आते भिल्ल व्हयनू का?" नथ्थूने विचारलं.

"घटकाभर. मंग आंघोळ करी ले."

बाहेरच्या अकरांना आज येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण न येण्याची त्यांना सवयच नव्हती.

डिपोटी साहेब आले. त्यांना पाटलांकडे पुरणपोळीचं जेवण होतं, म्हणून त्यांनी घाईघाईने नावं घ्यायला सुरुवात केली. चोवीस हजर झाले.

"मोती रायसिंग."

"हजर," नथ्थू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

साहेबांनी चष्मा वर केला. "मोती म्हणजे मुलीचं नाव ना?"

"लाडनं नाव शे, साहेब," पाटील दारातून म्हणाले. "आम्हना घोडानं बी मोतीच शे."

"वय?"

"दहा," मिशीखालून उत्तर आलं.

साहेबांनी दहा लिहिलं. तेवढ्यात खिडकीतून बारीक आवाज आला, "हजर, गुर्जी."

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नई, साहेब," पाटील म्हणाले.

ती पाटलांच्या सालदाराची, रायसिंगची, नऊ वर्षांची पोर होती. आपण कोणी नाही हे ऐकून ती गोंधळली असावी, कारण तिने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं, "हजर."

साहेबांनी हजेरीपट मास्तरापुढे सरकवला. "पंचवीस भरले आहेत. तुम्ही फक्त सही करा. मोती रायसिंग आतच आहे ना?"

मास्तराच्या हातात टाक होता. सही तीन अक्षरांची. त्या तीन अक्षरांत सात महिने होते, डबाभर पीठ होतं, बाळंतपणाची सुईण होती.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "मोती बाहेर आहे. मोती, आत ये. सगळे या."

पोरं दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. पाय आधी कोणता टाकायचा, हे त्यांना शाळेने शिकवलं नव्हतं. मग मोतीने दोन्ही पाय जोडून आत उडी मारली. मागोमाग दहा उड्या पडल्या.

"उठा रे!" पाटील बसलेल्यांवर ओरडले. "बाहेर निंघा!"

पण दाराशीच ती अकरा उभी. दारातून जायचं तर अंगाला अंग लागणार. सबब गावाची शाळा खिडकीतून बाहेर पडली. सोळा विद्यार्थी, आठ पाहुणे, आणि शेवटी नथ्थू. त्याचं धोतर खिडकीच्या कडीला अडकलं. ते सोडवून तो गेला.

साहेबांनी उरलेली डोकी मोजली. "अकरा. शाळा बंद करण्याची शिफारस करावी लागेल." शेऱ्यात त्यांनी लिहिलं, शिक्षकास गाव सांभाळता येत नाही. आणि ते जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा गोमूत्र शिंपडून कुलूपबंद झाली. शिधा थांबला. सोनीबाई कापूस वेचायला काम मागत शेतोशेत फिरली. "मास्तरनी बायको ना तू? जाय तठे, भिलाटीमा," एवढंच मिळालं. नवापूरला परतावं तर गाडीभाडं नव्हतं.

याकूब मास्तर कुलपापुढे थोडा वेळ उभा राहिला. मग निंबाखाली जाऊन बसला. खुर्ची आत अडकली होती, म्हणून जमिनीवर. हजेरीपट साहेब घेऊन गेले होते, म्हणून त्याने एका पोराची पाटी मागून घेतली आणि नावं घ्यायला लागला. अकरा हजर.

सोनीबाई पोट सावरत आली. कालपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. मास्तराला वाटलं, आता ही भांडणार.

ती मोतीशेजारी हळूच खाली बसली.

"गावात कुणी कामाला घेत नाही," ती म्हणाली. "उपाशी बसायचंच आहे, तर शिकत बसते. बारा लिहा."