भिंतीवरचा संसार

कोर्टातल्या समुपदेशक बाईंना मी मनातल्या मनात गोंदबाई म्हणायचे. फुटलेलं काहीही दिसलं की ह्या चिकटवायला धावल्याच. कुणी फोडलं, का फोडलं, हे मात्र विचारायचं नाही. "जुनं उकरायचं नाही. इथे आपण फक्त पुढचं बोलतो," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच इतक्या खूश झाल्या, की मला वाटलं, आता टाळ्या वाजवायच्या की काय.

माझ्या धाकट्या बहिणीला घटस्फोट हवा होता. नवऱ्याने गेल्या वर्षी तिचा हात दारात धरून दार लोटलं होतं. मनगट मोडलं, जुळलं, पण वाकडं जुळलं. न्यायाधीश म्हणाले, आधी समेटाचा प्रयत्न करा. तो फसल्याचं समुपदेशकांनी लिहून दिलं की खटला पुढे चालवू. म्हणजे आमचं घोडं अडलं होतं ते 'समेट अयशस्वी' या दोन शब्दांपाशी. आणि गोंदबाईंनी ते दोन शब्द आयुष्यात कधी लिहिलेच नव्हते. त्या पुढची तारीख द्यायच्या. मग पुन्हा पुढची. आलेली बायको थकायची, रडायची आणि एक दिवस मुकाट्याने नांदायला जायची. याला त्या यश म्हणायच्या.

हे यश त्यांनी भिंतीवर टांगलं होतं. समेट झाला की जोडप्याला त्याच सोफ्यावर बसवायचं, नवऱ्याने बायकोला बिस्किट भरवायचं, फोटो काढायचा, फ्रेम करायची. अख्खी भिंत भरली होती. रांगेने बायका आणि सगळ्यांची तोंडं उघडी. दातांच्या दवाखान्यातसुद्धा इतकी उघडी तोंडं एका जागी दिसत नाहीत.

त्या दिवशी तर त्यांचा तोरा बघण्यासारखा होता. वरच्या कोर्टातून पाहुणे यायचे होते, या केंद्राला आदर्श ठरवायला. टेबलावर फुलं, फ्रेमांच्या काचा लख्ख पुसलेल्या, बाईंच्या अंगावर कडक इस्त्रीची साडी. पाहुण्यांच्या आधी हातासरशी आणखी एक संसार चिकटवावा, असा त्यांचा बेत असावा, कारण बिस्किटांची बशी तयार होती.

धाकटी सोफ्याच्या एका टोकाला, तिचा नवरा दुसऱ्या टोकाला. आमच्या घरात त्याला लाडोबा म्हणतात. बाहेर कसा अगदी लोण्याचा गोळा. हात जोडून मला म्हणाला, "ताई, तुम्ही मोठ्या आहात. तुम्हीच समजवा ना हिला."

"समजवते की. हात दारापासून लांब ठेवत जा म्हणून सांगू?"

"हे बघा! हे असे टोमणे!" गोंदबाई माझ्यावर उखडल्या. "माहेरची माणसंच तेल ओततात. तुम्ही काय करता?"

"शिलाईचं दुकान आहे माझं."

"मग शिवा ना! उसवता कशाला?" आणि त्या आपल्याच विनोदावर हसल्या. लाडोबाही हसला. या दोघांचाच समेट लावून द्यावा आणि आपण घरी जावं, असं मला वाटलं.

धाकटी हळूच म्हणाली, "मॅडम, आम्ही याआधी पण एकदा..."

"जुनं नाही!" बाईंनी बोट वर केलं. "मागचं मागे. ही भिंत बघ. यातलं एकही जोडपं पुन्हा या दारात आलेलं नाही."

मी भिंत बघितली. माझी नजर आधी कपड्यांवर जाते, तो धंद्याचाच गुण. तिसऱ्या रांगेत एक हिरवा कुर्ता दिसला. कॉलरचं डावं टोक आखूड. मीच घाईत शिवलेला तो कुर्ता उसवून नीट करायला मी धाकटीकडे मागत होते आणि तिने तो तसाच घातला होता. दोन वर्षांपूर्वी, आईने तिची समजूत काढून तिला कोर्टाच्या जुन्या इमारतीत समुपदेशकांकडे नेलं होतं, त्या दिवशी. म्हणजे त्या समुपदेशक याच! कुर्त्याच्या वर धाकटीचं उघडं तोंड. शेजारी लाडोबा, हातात बिस्किट.

"मॅडम, एक आलंय," मी म्हणाले.

"काय आलंय?"

मी फ्रेमकडे बोट दाखवलं. बाईंनी चष्मा लावला. फोटोकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं. लाडोबा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याला सगळं आठवत होतं, मेल्याला. बाईंच्या जागी दुसरं कुणी लाजेने जमिनीत गेलं असतं. गोंदबाई खुलल्या.

"अगंबाई, तुम्हीच का ते! मग तर सोपंच झालं. एकदा जमलं म्हणजे पुन्हा जमणारच!"

"मग आता दोन फोटो लावणार?"

मी कुजकटपणे विचारलं होतं. बाईंनी खरंच विचार केला. "फोटो एकच राहू दे," त्या म्हणाल्या, "पण समेट दोन धरता येतील."

धाकटी उठली. चांगल्या हाताने तिने खिळ्यावरून फ्रेम काढली, काखोटीला मारली आणि दाराकडे निघाली.

"अगं, कुठे निघालीस?"

"न्यायाधीशांकडे. पुढचं बोलायला."

भरल्या भिंतीच्या मधोमध एक मोकळा चौकोन उरला होता. बाईंनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या बहिणीचं वाकडं मनगट दर तारखेला त्यांच्यासमोर होतं, तेव्हा त्यांची पापणीही लवली नव्हती. आता मात्र त्यांनी पळत जाऊन दार अडवलं.

"पाहुणे येतायत गं! काय हवंय बाळा तुला?"

"दोन शब्द लिहून द्या."

"मॅडम, असं कसं?" लाडोबा उठला. "माझं म्हणणं तर ऐका..."

"गप्प बसा हो तुम्ही!" बाई कडाडल्या. त्या खोलीत कुणा नवऱ्याला असं बोललेलं त्या भिंतीनेही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

त्यांनी लिहिलं. सही केली, शिक्का मारला. धाकटीने कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला, आणि मग फ्रेम परत दिली. बाईंनी पदराने काच पुसली, फ्रेम खिळ्यावर लावली, मागे सरकून बघितली आणि मलाच विचारलं, "सरळ दिसतेय ना?"

पाहुणे आले, बघून गेले. केंद्र आदर्श ठरलं. आमचा खटला पुढे चालला आणि धाकटीला घटस्फोट मिळाला. त्या निकालाची प्रत न्यायला मी कोर्टात गेले, तेव्हा त्या खोलीत डोकावले. फ्रेम जागेवरच आहे. नव्या जोडप्यांना दाखवायला बाईंना लागते. लाडोबासोबत माझी बहीण आता तेवढ्याच भिंतीवर नांदते, आणि तिथे तिचं मनगट अजून धड आहे.