सविताचं वाढतं पोट

सविताचं पोट दिसायला लागलं तेव्हा त्यांची ऊसतोडीची टोळी कोपरगावच्या बाजूला होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्यात पाळी चुकलेली. सासू लंकाबाईनं कुणाला काही न विचारता तिच्या डोक्यावरची उसाची मोळी उतरवून आपल्या डोक्यावर घेतली. नवरा कल्याण बाजारातून डाळिंबं घेऊन आला.

सविताला मात्र आनंद करायलाही जोर नव्हता. संध्याकाळ झाली की अंग तापायचं. हातपाय काटकुळे झालेले, पोट तेवढं ताणलेलं. दोन घास खाल्ले की पुढं जेवण जायचं नाही.

"पहिलटकरनीला व्हतं असं," लंकाबाई म्हणायची.

एका सकाळी सविता फडातच बसली, ती उठेना. कल्याणनं दोघींना मोटारसायकलवर घेतलं आणि गावातल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. बराच वेळ त्या पडद्याकडं बघत होत्या.

"गर्भ नाहीये, बाई. पोटात पाणी झालंय."

लंकाबाई म्हणाली, "परत एकदा बघा की."

त्यांनी परत बघितलं. मग सुई घालून पाणी काढलं. पिवळसर पाण्यानं बाटली भरत गेली आणि सविताला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला. त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

पुढच्या तपासण्यांत पोटाचा टीबी निघाला. गोळ्या सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"मूल व्हईल का मला?" सवितानं विचारलं.

"आधी बरी हो. मग बघू."

कोपीवर, त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, परतल्यावर टोळीतल्या बाया गोळा झाल्या. सविता तोंड फिरवून पडून राहिली. बाहेर लंकाबाईचा आवाज आला, "आजारी हाय ती. प्वॉर न्हाई पोटात. आता कुनी इचारू नका."

मग ती आत येऊन सविताजवळ बसली.

"आत्याबाई, तुमाला लई आस व्हती."

"व्हती," लंकाबाई म्हणाली. "नीज आता."

महिनाभरात ताप थांबला. पोट उतरत गेलं. ते सपाट झालं त्या दिवशी पाणी शेंदता शेंदता सविता मुकाट्यानं रडली. दुपारी तिला भूक लागली. पोटभर जेवून ती पाचटावर आडवी झाली, आणि टोळी कामाला निघाली तरी तिला कुणी उठवलं नाही.