उंटाच्या पिल्लाची खिंड

मेंढ्या उद्या वरच्या कुरणात निघायच्या होत्या आणि शार्शेन आबांनी जायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं. हिवाळ्यापासून गुडघा साथ देत नव्हता. सामानाचा ट्रक नदीपर्यंतच जाणार, पुढे खिंड घोड्यावरूनच ओलांडायची. ट्रक ठरवायला नारिन शहरात गेलेल्या मुलाने, उलानने, फोनवर बजावलं होतं की चढ झेपणारा असेल तरच आबा येतील, नाहीतर उन्हाळाभर गावात आत्याकडे राहतील. आबा ‘बरं’ म्हणाले आणि तेव्हापासून खोगिराचा शिवून झालेला पट्टा पुन्हा शिवत बसले होते.

सून सायकाल फोनवरच्या नकाशात डोकं घालून होती. बोटाने वाट आखली की खाली चढउताराची रेघ उमटे. हल्ली कोणी न वापरणाऱ्या जुन्या खिंडीवरून तिने वाट नेली, तर रेघ लांबट निघाली, सावकाश चढणारी. म्हातारी घोडीही दमणार नाही अशी.

तिने लगेच उलानला फोन लावला. पण नाव कसं घेणार? ती होती ताइलाक-बेल, आणि ताइलाक हे आबांच्या वडिलांचं नाव. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेच्या तोंडी येत नाही. बेल म्हणजे खिंड आणि ताइलाक म्हणजे उंटाचं पिल्लू, म्हणून तिने उंटाची खिंड बघायला सांगितलं. उलानने नकाशात शोधली ती तोओ-आशू, म्हणजे पुऱ्या वाढलेल्या उंटाची खिंड.

“अगं, ही तर भिंत आहे,” तो म्हणाला. “आबांना नको. राहू देत खालीच.”

“ती नव्हे हो. धाकटी.”

“धाकटी कुठली? इथं उंट एकच दिसतोय.”

“उंटाचं... कुबडवालीचं लेकरू.”

“सायकाल, ट्रकवाला खोळंबलाय. कोडी नंतर घाल.” त्याने फोन ठेवला.

आबांची सुई थांबली होती. त्यांना सगळं कळलं होतं, पण स्वतःसाठी मध्ये बोलणं त्यांना जड जात होतं. सायकालच्या ओठांवर ते नाव दोनदा येऊन परत गेलं.

“लिहून पाठव की,” आबा पट्ट्याकडे बघत म्हणाले. “माझ्या बापाला कुठं वाचता येत होतं?”

तिने एकेक अक्षर दाबलं, चोरून गूळ खावा तसं. चहा निवायच्या आत उलानचं उत्तर आलं. इतकी चांगली वाट सोडून लोक भिंतीवर का चढतात, असं त्याने विचारलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, घोडीचे नाल बघून ठेव.

आबांनी फोन मागून घेतला. बोट फिरवताच नकाशातला डोंगर वळला आणि खिंडीची मागची बाजू समोर आली, त्यांच्या लहानपणी दिसायची तशीच. बराच वेळ ते डोंगर इकडून तिकडे फिरवत राहिले.

“हे काय लिहिलंय गं इथं?” त्यांनी नावावर बोट ठेवलं. “माझा चष्मा सापडत नाही.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

“उंटाच्या पिल्लाची खिंड, आबा,” सायकाल म्हणाली आणि हातोडी शोधायला बाहेर गेली.