केरबानं केलेली बोंडाची चटणी

तापातून उठल्यापासून चांगुणाच्या तोंडाची चव पार गेली होती. भाकरीचा तुकडा मोडायची, दोन घास कसेबसे चघळायची आणि आडवी व्हायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त वाढलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल. केरबानं निलंग्याच्या डेपोत उभी हयात एसटी चालवली, पण बायकोपुढे त्याचं काही चालेना.

लेक विशाखा लातूरला नर्स होती. तिनं फोनवर बापाला चांगलंच फैलावर घेतलं. लोहाची गोळी आई चहासोबत घेते, ते आधी बंद करा म्हणाली. शेताच्या धुऱ्यावरच्या अंबाडीला लालभडक बोंडं लागलीत, त्यांची चटणी करून घाला. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं, शिवाय आंबट म्हटलं की आईच्या तोंडाला पाणी सुटतं.

केरबानं लगेच टोपलंभर बोंडं तोडून आणली. ही चटणी तो जन्मभर मिटक्या मारत खात आला होता, चुलीकडे मात्र कधी फिरकला नव्हता. विचारलं तर इज्जत जाईल म्हणून गड्यानं स्वतःच अक्कल लढवली. मटार सोलावा तशी बोंडं सोलली, लाल टरफलं शेळीपुढे टाकली, आतले बियांचे हिरवे गोळे लसूण-मिरचीवर परतून कुटले आणि मोठ्या दिमाखात ताट वाढलं.

चांगुणानं एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग लाल पाकळ्या कुठं गेल्या, असं विचारलं.

शेळीचं नाव ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चटणी त्या पाकळ्यांचीच करतात, फेकायच्या त्या बिया. आता शेळीचं रक्त वाढणार, म्हणाली. केरबा खजील झाला, पण कितीतरी दिवसांनी तिचं हसू ऐकून त्याला बरंही वाटलं.

तो पुन्हा धुऱ्यावर गेला आणि उरलीसुरली बोंडं घेऊन आला. चांगुणा भिंतीला टेकून सांगत गेली, तो करत गेला. लालचुटूक चटणीवर कच्चं तेल घालून त्यानं ताट तिच्यापुढे ठेवलं.

"मी गेल्यावर कसं व्हायचं तुमचं?" तिनं विचारलं.

केरबानं ताट तिच्याकडे आणखी सरकवलं. "म्हणूनच सांगायलोय, खा. तुझ्याबिगर मला न्हाई जमायचं."

चांगुणानं घास तोंडात घातला आणि डोळे मिटून तो आंबटपणा जिभेवर घोळवला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "अन् भाकर अजून अर्धी द्या."