विड्यावरची नोकरी

"तुमच्यातल्या एकाचा जरी इस्वास बसला, तर मी मिशा उतरवीन," सिद्रामप्पा म्हणाला आणि बशीतला चहा त्यानं एका घोटात संपवला. नवी पेठेतल्या कोंडीबाच्या हॉटेलात त्यानं अशी सुरुवात केली की माणसं दुसरा चहा आपणहून मागवत.

सिद्रामप्पा वैमानिक होता. शिवलिंगप्पांच्या छोट्या कंपनीचं एकुलतं एक डाकोटा विमान तो बारा वर्षं मुंबईला नेत-आणत होता. कधी चादरींचे गठ्ठे, कधी अकलूजकडचे कारखान्याचे डायरेक्टर. आता, पंच्याहत्तरच्या जानेवारीत, मुंबईच्या एका बड्या कंपनीनं ती कंपनी गिळली होती आणि धावपट्टीवरच्या ऑफिसात दोन्हीकडच्या वैमानिकांची नवी यादी लागली होती, ज्याची नोकरी जुनी तो वर. अकरा नावं. सिद्रामप्पा अकरावा.

"अकरावा!" त्यानं बाकावर थाप मारली. "आन रावजी सहावा! ज्याला मी इमान उतरवाय शिकवलं, पैल्यांदा वर नेला तर जो माझ्या टोपीत ओकला, त्यो सहावा!"

"आसं कसं वो आप्पा?" कोंडीबानं विचारलं.

"त्येच्याकडं सदुसष्ट सालचा कागद हाय की! मला शिवलिंगप्पानं त्रेसष्टला ठिवलं ते विडा दिऊन. म्हनला, खा आप्पा, आजपासनं इमान तुझं. आता विडा दिला म्हंजी शब्द दिला. वर कागद मागायचा म्हंजी मालकाच्या थोबाडीत मारल्यावानीच. पुढं विम्याला कागद लागला म्हून बहात्तरात एक चिटोरं दिलं. मुंबैचा साहेब म्हनतो, तुझी नोकरी तीन वर्सांची. आरं, मग आधीची नऊ वर्सं इमान काय भुतं उडवत हुती? तर म्हनतो कसा, विड्याची तारीख कुटं नोंदलीय?"

कुणीतरी फिसकन हसलं. सिद्रामप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. यात हसण्यासारखं काय होतं? कॅप्टन बसतो डाव्या खुर्चीत. यादीवर सही करून ती कबूल केली की बारा वर्षांची ती खुर्ची सोडून उजवीकडं बसायचं, रावजीच्या हाताखाली. काम जरा कमी झालं की यादीतला शेवटचा आधी घरी. आणि सही केली नाही, तर त्याच दिवशी घरी. सह्या गोळा करायला साहेब शनिवारी येऊन गेला होता. आज सोमवार उजाडला, तरी बायकोला, शांतम्माला, त्यानं घरी चकार शब्द सांगितला नव्हता.

"मग? केली का सही?" महिपतीनं विचारलं. तो गिरणीत जॉबर, कामगारांवरचा मुकादम, होता. याद्या, कपात, वरचा-खालचा, सगळं त्याला चांगलं ठाऊक.

"सही? मी?" सिद्रामप्पा उठून उभाच राहिला. "साहेबाला म्हनलं, चला, मुंबैला सोडतो. बसवला इमानात. मंगळवेढ्यावर आलो आन दोन्ही इंजिनं केली बंद."

"मेला की मग साहेब!"

"कशाचा मरतोय! खाली जवारीच्या रानात हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या. त्या धगीवर इमान तासभर तरंगत ठिवलं, पतंगावानी. साहेब पांढराफटक. म्हनला, आप्पा, इंजिन लावा. मी म्हनलं, मी तीन वर्सांचा पोरगा, मला कुटं येतंय? बोलवा तुमच्या सहाव्याला!"

हॉटेल हसून हसून लोळलं. त्याच वेळी दारात बिरप्पा आला आणि कडेच्या बाकावर बसला. शेडमधला मेकॅनिक, हाताला अजून ग्रीस. सिद्रामप्पानं त्याला पाहिलं. पण एकदा उडवलेलं विमान अधांतरी कसं सोडायचं?

"मग घेतलं खाली," तो जास्तच जोरात म्हणाला. "इतकं खाली की रानातल्या सारजाबाईनं खिडकीतनं पळसाच्या पानावर हुरडा दिला. साहेबाला म्हनलं, खा, आन घाला तारीख. त्यानं थरथरत यादी काढली. माझं नाव खोडलं, पार वर लिवलं. पुढं त्रेसष्ट साल. काय बिशाद हाय त्यांची! आता रावजी माझ्या उजवीकडं बसंल, न्हायतर जाईल घरी!"

"वा रं आप्पा!" कोंडीबानं टाळी दिली.

बिरप्पा हसला नाही. त्यानं पुढ्यात आलेला चहा बाजूला सारला.

"आप्पा, शनवारी इमान शेडमदीच हुतं. डावं इंजिन शुक्करवारीच मी खाली उतरवलंय. साहेब रेल्वेनं गेला." त्याचा आवाज चढत गेला. "माझी नोकरीबी विड्यावरचीच हाय. आमी चौघं मेकॅनिक त्या हापिसाच्या दाराभायेर उभं हुतो, आप्पा न्हाय म्हनत्याल, मग आमीबी न्हाय म्हनू, म्हून. हितं एवढं तोंड चालतंय, तितं का न्हाय चाललं? साहेबानं कागद पुढं केला आन तुमी खाली मान घालून सही केली. आमी बघितलंय, आप्पा!"