डांबराची चौकट

पूल कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी कामेन द्राझेवचं व्यंगचित्र ब्रेस्तोव्हेन शहरात घरोघरी पोचलं. भेगांवर नुसतं डांबर फासून पुलाची डागडुजी केलेला ठेकेदार व्हल्को पेत्कानोव्ह त्यानं पानभर फुगवून बसवला होता. पेत्कानोव्ह दोन्ही हातांत पूल धरून चीज भरलेल्या खुसखुशीत बानित्सासारखा कुरतडत होता, हनुवटीवरून चुरा गळत होता आणि त्या चुऱ्यात एक बस होती. बसच्या खिडक्यांत काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे शिवणकारखान्यात सकाळच्या पाळीला निघालेल्या बायका. त्यांची बस पुलावरून नदीत गेली होती. एकही वाचली नव्हती.

चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, बाजारात, जिथंतिथं त्या चित्राचीच चर्चा. कामेनची पद्धत तीच होती, तीस वर्षांची. खाणारा डोंगराएवढा, मरणारा मुंगीएवढा. एका नजरेत माणसाला कळतं, कोण कोणाला खातंय. खाणकामगार, पेन्शनच्या रांगेतले म्हातारे, थंडीत गारठलेली शाळकरी पोरं, सगळे त्यानं आजवर ठिपक्यांनीच काढले होते.

चौथ्या दिवशी पेत्कानोव्ह स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत आला. बगलेत राकिया दारूची बाटली.

"कामेनदादा, नाक काय झकास जमलंय हो! मूळ चित्र मला द्या. ऑफिसात लावतो."

"लाज नाही वाटत तुम्हाला?"

"लाज कसली? राजासारखा बसवलायत मला. बायको म्हणते, आता निवडणुकीलाच उभे राहा."

बाटली टेबलावर ठेवून तो हसत निघून गेला. संपादिका देन्कानं ती बाटली सरळ मोरीत ओतली. कामेन मात्र आपलंच चित्र समोर धरून बसला. खरंच, चित्रात बघण्यासारखा होता तो एकटा पेत्कानोव्हच.

त्याच दुपारी एक बाई आल्या. डोक्याला काळा रुमाल, अंगात काळा स्वेटर. स्तोयना, जवळच्या खेड्यातल्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, टेबलावर पसरलं आणि चष्मा लावला.

"यातली माझी इस्क्रा कुठली?"

कामेन गडबडला. "ताई, ते... तशी खूण असते ती. सगळ्या मिळून."

"सगळ्या मिळून कशी होईल? ती तर खिडकीशीच बसायची. तिला बस लागायची." त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. "ही का? की ही?"

कामेन कागदावर वाकला; ठिपके सगळे सारखेच होते. बाईंनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

तिथून ते सुरू झालं. सकाळी बसस्टॉपवर उभा असताना समोरून बस गेली, तर खिडक्यांत माणसं नाहीत, नुसते काळे ठिपके. त्यानं डोळे चोळले. पुढच्या बसमध्येही तेच. पाववालीनं सुटे पैसे हातावर ठेवले, तर तिच्या डोक्यावरच्या रुमालाच्या आत, चेहऱ्याच्या जागी काळा गोळा, आणि त्या गोळ्यातून आवाज आला, "आज गप्प गप्प का, दादा?" घरी जेवताना बायको रादा काहीतरी सांगत होती. तिच्या चेहऱ्याकडं बघायचं त्याला धाडस होईना. तो ताटातल्या मिरचीकडंच बघत राहिला.

"आजारी आहेस का तू?" रादानं विचारलं.

"माणसं दिसत नाहीत मला," तो म्हणाला.

रविवारी तो स्तोयनांच्या खेड्यात गेला. दारावर रीतीप्रमाणं इस्क्राच्या मृत्यूचा कागद चिकटवलेला: काळी चौकट, नाव, फोटो. पण फोटो कुठल्याशा ओळखपत्रावरचा, कोरा, ताठ. आत स्तोयनांनी, मेलेल्यांच्या नावानं देतात ती उकडलेल्या गव्हाची साखर घातलेली वाटी पुढं केली.

"मला तिचा चेहरा सांगा," कामेन म्हणाला.

"आता कशाला?"

"मी काढला नाही म्हणून."

स्तोयनांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग बोलायला लागल्या. शिवताना टाचण्या ओठांत धरायची सवय, त्यामुळं घरीसुद्धा ओठ मिटूनच हसायची. डावी भुवई वर. जरा खोटं बोलली की कान लाल. कामेन काढत गेला, खोडत गेला. "नाक एवढं सरळ नाही हो, बापाचं नाक होतं तिला!" स्तोयना दटावत होत्या. शेवटी त्यांनी कागद हातात घेतला आणि ओठांवरून अंगठा फिरवला.

मग तो घरोघर गेला. प्रत्येक बाईचा चेहरा पानभर, भोवती मृत्यूच्या कागदाची काळी चौकट. पण ती चौकट डांबराची होती. तळाच्या कोपऱ्यात माशीएवढा पेत्कानोव्ह, हातात डांबराचा ब्रश घेऊन हसत हसत ती चौकट रंगवत होता.

देन्कानं चित्रं बघितली. "हा कुणाला दिसणार? शोधावा लागेल."

"शोधताना चेहऱ्यावरूनच जावं लागेल ना," कामेन म्हणाला.

रोज एक चेहरा छापून आला. लोकांनी ते कापून दारांवर, झाडांवर, बसस्टॉपवर चिकटवले. पेत्कानोव्हच्या ऑफिसच्या काचेवरही कुणीतरी चिकटवले. त्याची माणसं खरवडायची, सकाळी पुन्हा तिथंच. एकदा त्याचा फोन आला. आवाज चिरका झाला होता. "मला माशी केलंस? माशी?" कामेननं फोन ठेवून दिला. पुढं पुलाची चौकशी सुरू झाली, खटला उभा राहिला. तो अजून चालूच आहे.

कामेनला माणसं पुन्हा दिसू लागली. फक्त एक चेहरा काढायचा राहिला. दोना नावाची बाई. दूरच्या भागातून आलेली, कामाला नुकतीच लागलेली. पालिकेनं तिला पुरलं. फोटो नाही, नातलग नाही. शेजारी मशीनवर बसणाऱ्या सगळ्या त्याच बसमध्ये होत्या. भाड्याच्या खोलीची मालकीण म्हणाली, "यायची, जायची. मी बघितलंच नाही कधी नीट."

"रिकामीच छापा," स्तोयना म्हणाल्या.

तसं छापलं. डांबराची चौकट, खाली नाव, आत पांढरा कागद. तोही शहरभर लागला, आणि लोक त्याच्यासमोर इतर चित्रांपेक्षा जास्त वेळ थांबू लागले.

कारखान्याजवळच्या बसस्टॉपवरच्या कागदात एका सकाळी कुणीतरी बॉलपेननं दोन डोळे काढलेले होते. काही दिवसांनी कानात डूल आले. मग गालावर एक बारीकसा व्रण, काढणाऱ्याला जागा नेमकी ठाऊक असावी तसा. कामेन तिथं उभा राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारायचा. कुणालाच माहीत नव्हतं. तिला ओळखणारं कुणी होतं, की नुसतं कुणाला ते पांढरेपण सोसवलं नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. बस यायची, दार उघडायचं, ड्रायव्हर म्हणायचा, "येताय का, दादा?" तो हातानंच नाही म्हणायचा, आणि त्या डोळ्यांसमोर उभा राहायचा.